१२ जुलै : जुहूचा हर्क्युलस

पहिलवान-अभिनेते दारासिंग यांचे २०१२ साली याच दिवशी जुहूतील राहत्या घरी निधन झाले.

इटलीत १९५८ मध्ये पिएत्रो फ्रान्चिस्की यांच्या ‘हर्क्युलस’मध्ये शरीरसौष्ठवपटू स्टीव्ह रीव्हज नायक झाला आणि तलवारी, रथ, ग्लॅडिएटर यांच्या चित्रपटांची तिथे रांगच लागली. मुंबईच्या निर्मात्यांनी ही हवा ओळखली. नायक मात्र आखाड्यातून उचलला : दारासिंग. बाबूभाई मिस्त्रींच्या ‘किंग काँग’नंतर (१९६२) ‘सॅमसन’ आणि ‘हर्क्युलस’ (दोन्ही १९६४) आले. ‘सिकंदर-ए-आझम’मध्ये (१९६५) तर दारासिंग सिकंदर आणि समोर पोरस म्हणून पृथ्वीराज कपूर!

अभिनय बेताचाच, पण ताकद खरी. १९६८ मध्ये मुंबईतच त्यांनी अमेरिकेच्या कुस्तीपटू लू थेझला चीत केले. घराघरांत ते पोहोचले ते मात्र दूरदर्शनच्या ‘रामायण’मधील हनुमान म्हणून.