परदेशची पदवी आणि स्वदेशचा परवाना

निफाड तालुक्यांत गोदावरीच्या कांठीं सायखेडा हें गांव वसलेलें आहे. नदीला मोठा पूर आला म्हणजे चांदोरीकडे जाणारा पूल पाण्याखालीं जातो आणि गांवाची ती वाट तुटते. अशा रात्रीं घरांतील माणूस अत्यवस्थ झालें, तर जवळ जो डॉक्टर असेल त्याच्याच हातीं त्याचा जीव सोंपवावा लागतो. त्या डॉक्टरच्या पाटीवरील पदवी पुण्याची असो कीं परदेशची असो, तिची पारख रोग्याला कोठून असणार? ती त्याच्या वतीनें कोणी करावी आणि कशी करावी, या प्रश्नाचा आपल्याकडील इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

त्याचा आरंभ डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या नांवानें करणें उचित होय. १८८३ सालीं त्या अमेरिकेस गेल्या आणि ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयाची पदवी त्यांनीं मिळविली. कोल्हापूर संस्थानानें आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांतील स्त्रीविभागासाठीं त्यांची नेमणूक केली. परदेशच्या पदवीधराकडून स्वदेशांत दुसरी परीक्षा मागणारा कायदाच तेव्हां आपल्याकडे नव्हता. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं त्यांचें देहावसान झालें, आणि ती विद्या रुग्णसेवेस लागण्यापूर्वींच मावळली.

डॉ. रखमाबाईंचा मार्ग निराळा होता. त्या लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यक विद्यालयांत शिकल्या. परंतु तें विद्यालय विद्या देई, परवाना देत नसे. १८५८ च्या कायद्यानें इंग्लंडांत वैद्यकव्यावसायिकांची नोंदवही सुरू झाली होती, आणि तींत नांव येण्यास अधिकृत मंडळाची परीक्षा उतरावी लागे. एडिंबरो व ग्लासगो येथील मंडळांची संयुक्त परीक्षा देऊन रखमाबाईंनीं १८९४ सालीं तो अधिकार मिळविला, आणि पुढें सुरत व राजकोट येथें दीर्घकाळ रुग्णसेवा केली. शिकविणारा निराळा व पारखणारा निराळा, हें तत्त्व येथें स्पष्ट दिसतें.

मुंबई इलाख्यांत अशी नोंदवही १९१२ च्या कायद्यानें आली. मात्र आपल्या पदव्यांची पारख तेव्हांही लंडनची वैद्यक परिषद करीत असे. प्रसूतिशास्त्राचें शिक्षण अपुरें आहे, विद्यार्थ्यांना पुरेशीं बाळंतपणें प्रत्यक्ष पाहावयास व करावयास मिळत नाहींत, असा आक्षेप तिनें घेतला, आणि १९३० सालीं भारतीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. हा अपमान येथें फार झोंबला. त्यांतूनच १९३३ चा कायदा होऊन भारताची स्वतःची वैद्यक परिषद निर्माण झाली. त्या निर्णयामागें राजसत्तेचा ताठा असेलही; परंतु आक्षेपाचा मुद्दा रोग्याच्या खाटेजवळचा होता, हें विसरतां कामा नये.

पुढें काळ फिरला. सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यानंतर तेथील महाविद्यालयांतून परतलेल्या भारतीय विद्यार्थ्यांचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००१ सालीं कायद्यांत दुरुस्ती झाली आणि २००२ पासून परदेशांत शिकून आलेल्यांसाठीं चाळणी-परीक्षा सुरू झाली. आतां पारखणारे आपण झालों! ३०० प्रश्न, त्यांपैकीं १०० पायाभूत विषयांवर आणि २०० चिकित्साविषयांवर. उत्तीर्ण होण्यास १५० उत्तरें बरोबर हवींत, आणि चुकलेल्या उत्तराबद्दल गुण कापले जात नाहींत. असें असूनही २०२३ सालीं शंभरांतून सुमारे सतराच उमेदवार उत्तीर्ण झाले.

हीं मुलें आळशी आहेत, असें म्हणून हात झटकणें सोपें आहे. परंतु कारण खोल आहे. पाठ इंग्रजींत ऐकावयाचा आणि रोगी रशियन किंवा चिनी भाषेंत बोलणार! त्याची व्यथा विद्यार्थ्याला नीट विचारतां येत नाहीं. शिवाय हिंवताप, सर्पदंश यांसारखे आपल्याकडील नित्याचे प्रसंग तेथें क्वचितच पाहावयास मिळतात. मग परत आल्यावर कांहीं महिने शिकवणींत प्रश्नोत्तरें घोकून ही उणीव भरून काढण्याची धडपड सुरू होते.

म्हणून खरी तयारी परतल्यावर नव्हे, तर जाण्यापूर्वीं, महाविद्यालय निवडतांनाच सुरू झाली पाहिजे. २०२१ च्या नियमांनीं किमान ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमांतील अभ्यासक्रम, तेथेंच १२ महिन्यांची रुग्णालयीन उमेदवारी आणि पुन्हां भारतांतही तशीच उमेदवारी आवश्यक ठरविली आहे. शेत गहाण टाकून मुलाला परदेशीं धाडणाऱ्या बापानें फीच्या आंकड्याआधीं एवढें विचारावें, कीं तेथें माझ्या मुलाचा हात रोग्याला लागणार आहे काय?

परीक्षा कडक असावी, कारण ती रोग्याच्या वतीनें घेतली जाते. परंतु पांच-सहा वर्षें आणि घरची पुंजी खर्ची पडल्यावर उंबरठ्यावर दार लावणें, एवढ्यानें राज्यसंस्थेचें कर्तव्य संपत नाहीं. १९३० सालीं आपल्याला विचारलेला प्रश्न आज आपण कागदावर विचारतों. तो त्या महाविद्यालयांना, विद्यार्थी तेथें जाण्यापूर्वींच, विचारला पाहिजे. पुराच्या रात्रीं सायखेड्याचा रोगी डॉक्टरचे गुण विचारीत नाहीं; असें बाळंतपण आपण पूर्वीं केलें आहे काय, एवढेंच त्याच्या डोळ्यांत लिहिलेलें असतें.