गुऱ्हाळघरे, कोल्हापूर परिसरातील

उसाचा रस आटवून गूळ तयार करण्यासाठी शिवारात उभारलेला कारखाना व त्याच्या आश्रयाने हंगामापुरती वसणारी वस्ती. पंचगंगा, भोगावती, वारणा या नद्यांच्या काठी काळ्या सुपीक जमिनीत अशी गुऱ्हाळे मोठ्या संख्येने होती. दिवाळीच्या सुमारास सुरू होणारा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चाले.

प्रारंभी बैलांनी फिरविला जाणारा लाकडी घाणा वापरात होता. विसाव्या शतकात किर्लोस्करवाडी (स्थापना १९१०) येथे लोखंडी चरक बनू लागले. पुढे तेलाची एंजिने व विजेच्या मोटारी आल्या. चरकातील रस काहिलीत उकळून भेंडीच्या चिकट रसाने त्यातील मळी काढतात आणि सुमारे ११८° से. तापमानास काहील उतरवितात. ही वेळ अचूक ओळखणारा गुळव्या हा गुऱ्हाळाचा खरा सूत्रधार होय. एक टन उसापासून साधारणतः १०० ते १२० किग्रॅ. गूळ मिळतो. रस काढून उरलेली चिपाडे वाळवून चुलाणात जाळतात. त्यामुळे वेगळे इंधन सहसा लागत नाही.

या धंद्याचा उत्कर्ष बाजारपेठ, दळणवळण व पाणी यांमुळे झाला. मिरज-कोल्हापूर लोहमार्ग १८९१ मध्ये खुला झाला आणि राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी ही गुळाची पेठ वसविली. गुजरातसारख्या दूरच्या प्रदेशांतून मागणी येऊ लागली. महाराजांच्याच काळात काम सुरू झालेले राधानगरी धरण स्वातंत्र्योत्तर काळात पूर्णत्वास गेले व उसाचे क्षेत्र वाढले. परंतु या वाढीतच ऱ्हासाचे बीजही होते. वाढलेल्या उसाने साखर कारखान्यांचा पाया घातला. १९५० नंतर महाराष्ट्रात सहकारी कारखानदारी फोफावली आणि कोल्हापूर जिल्हा तिचे एक प्रमुख केंद्र बनला. कारखान्यात ऊस घातल्यास शेतकऱ्याची तोडणी, वाहतूक व विक्री यांची चिंता मिटे. शिवाय सभासदत्व व ठरलेला दर मिळे. याउलट गुळाचा भाव रोजच्या सौद्यावर अवलंबून असे. चुलाणापुढील कष्टाच्या कामास मजूर मिळेनात. गुळव्यांच्या घरांतील तरुण पिढी अन्य व्यवसायांकडे वळली. रंग उजळविण्यासाठी रसायनांचा व वजनासाठी साखरेचा वापर झाल्याने गुळाच्या लौकिकासही बाधा आली. परिणामी अनेक गुऱ्हाळे बंद पडली.

कोल्हापुरी गुळास २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. रसायनविरहित गूळ, काकवी व लहान वड्या यांना शहरांत ग्राहक लाभल्याने काही गुऱ्हाळांना नवा आधार मिळाला आहे. तथापि गुऱ्हाळ हे केवळ उत्पादनाचे साधन नव्हते. भूमिहीन मजुरांना ते गावातच हंगामी काम देई आणि वाटसरूस रस व ताजा गूळ देण्याची रीत तेथे पाळली जाई. नाममुद्रेने मालाचे संरक्षण होते. काहिलीजवळ उभे राहूनच शिकता येणारे गुळव्याचे कसब मात्र गुऱ्हाळे चालू राहिली तरच टिकेल.