पीके : दोन अक्षरांचा इतिहास

मागच्या दिवाळीत जुना लॅपटॉप मावसभावाला द्यायचा होता, म्हणून एकेक सॉफ्टवेअर काढत बसलो होतो. शेवटी उरलं विनरार. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी टाकलेलं. ४० दिवसांची मुदत संपून कैक वर्षं झाली, तरी ‘विकत घ्या’ अशी आठवण करून देत ते बिचारं काम करत राहिलं. अनइन्स्टॉल दाबलं, दहा सेकंदांत गेलं.

मग उगाच म्हणून वर्डची एक डॉकएक्स फाइल नोटपॅडमध्ये उघडली. सगळा कचरा दिसला, पण पहिली दोन अक्षरं स्वच्छ होती : पी आणि के. डॉकएक्स ही आतून झिप फाइलच असते. तुमच्या अँड्रॉइड फोनमधलं अ‍ॅप ज्या एपीके फाइलमधून येतं, तीही झिपच. तिच्याही सुरुवातीला हीच दोन अक्षरं. (आमिर खानचा काही संबंध नाही.) ही एका माणसाची आद्याक्षरं आहेत : फिल कॅट्झ.

कॅट्झ अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातला प्रोग्रामर. १९८० च्या दशकात लोक मोडेमवरून फोन लावून एकमेकांच्या ‘बुलेटिन बोर्ड’वरून फाइली उतरवायचे. २४०० बिट्सच्या मोडेमला १ लाख बाइट्सची फाइल आणायला सात मिनिटं लागायची, आणि फोनचं मीटर चालूच. त्यामुळे फाइल लहान करून देणारा प्रोग्राम म्हणजे रोकड बचत. हे काम तेव्हा ‘आर्क’ करायचं. टॉम हेंडरसन यांच्या एसईए या छोट्याशा घरगुती कंपनीचं ते उत्पादन. त्याचा सोर्स कोड बघायला उपलब्ध होता.

कॅट्झने तोच फॉरमॅट वापरून ‘पीकेआर्क’ काढलं. महत्त्वाचे भाग असेंब्ली भाषेत लिहिल्यामुळे ते आर्कपेक्षा कितीतरी वेगवान होतं. लोक तिकडे वळले. १९८८ साली एसईएने खटला भरला.

इथपर्यंतची गोष्ट मी कॉलेजात ऐकली होती ती अशी : मोठ्या कंपनीने एका हुशार पोराला छळलं. बुलेटिन बोर्डवाल्यांनीही तसंच मानलं आणि एसईएवर बहिष्कार टाकला. पण तज्ज्ञाने दोन्ही कोड शेजारी ठेवून तपासले, तेव्हा कॅट्झच्या कोडमध्ये हेंडरसन यांच्या कॉमेंट्स निघाल्या. त्यातल्या स्पेलिंगच्या चुकांसकट! आमच्या लॅबमध्ये असाइनमेंट ढापणारे याच पद्धतीने पकडले जायचे. कॅट्झने तडजोड केली, पैसे भरले आणि आर्कशी जुळणारे प्रोग्राम विकणं थांबवलं. माझ्या मते न्याय हेंडरसन यांच्या बाजूने होता, गर्दी मात्र कॅट्झच्या.

१९८९ मध्ये कॅट्झने स्वतःचा नवा फॉरमॅट आणला : झिप. आणि या वेळी त्याने फॉरमॅटची रचना लेखी जाहीर करून टाकली. ज्याला हवं त्याने झिप वाचणारा-लिहिणारा प्रोग्राम बनवावा. बुलेटिन बोर्डवाल्यांनी आपापले साठे आर्कमधून झिपमध्ये बदलून घेतले. आर्क संपलं.

१९९३ ची २.०४जी ही आवृत्ती तर घरोघरी गेली. ती बसवणं म्हणजे काय? एकच फाइल एका डिरेक्टरीत कॉपी करायची आणि चालवायची. ती स्वतःच उलगडून आतले प्रोग्राम बाहेर काढायची. काढून टाकायची तर डिरेक्टरी पुसायची. रजिस्ट्री नाही, मागे राहिलेले तुकडे नाहीत. याच मालिकेत ‘डिफ्लेट’ पद्धत आली. पुन्हा आलेला मजकूर परत लिहायचा नाही, ‘इतकी अक्षरं मागे जा, एवढी उचल’ एवढंच लिहायचं. आणि वारंवार येणाऱ्या चिन्हांना छोटे कोड द्यायचे. तुमच्या पीएनजी चित्रांतही आज डिफ्लेटच आहे.

विंडोज आल्यावर बटणं दाबून काम करणारं विनझिप लोकप्रिय झालं. ते दुसऱ्याच माणसाचं होतं. फॉरमॅट खुला असल्यामुळेच ते शक्य झालं. पुढे विंडोजने झिप उघडण्याची सोय आतच दिली.

कॅट्झला दारूचं व्यसन होतं. १४ एप्रिल २००० रोजी मिलवॉकीतल्या एका हॉटेलच्या खोलीत तो मृतावस्थेत सापडला. वय ३७.

आठवडाभराने मावसभावाचा फोन आला, “दादा, सरांनी रार फाइल पाठवलीये, उघडत नाही.” म्हटलं, सरांना सांग, झिप करून पाठवा.