उभ्या गाडीची झोप

गाडी पंधरा दिवस उभी राहिली, चावी फिरवली आणि नुसतं 'टक्' झालं, की आपल्याकडे निदान ठरलेलं असतं: बॅटरी गेली, नवी टाका. बऱ्याचदा ती गेलेली नसते, कोणीतरी रिकामी केलेली असते. कोणी, हा प्रश्न शंभर वर्षं जुना आहे. तो शोधायची जुनी रीत मात्र आता आपल्याला फसवते.

अगदी सुरुवातीच्या मोटारींना हा आजार जवळजवळ नव्हताच. हँडल मारून इंजिन सुरू करायचं, ठिणगी मॅग्नेटोतून यायची, दिवे ॲसिटिलीनचे. हँडल उलटं झटकलं तर मनगट मोडायचं, पण गाडी बंद म्हणजे खरोखर बंद. शिसं-आम्लाची बॅटरी गास्तों प्लांतेने १८५९ मध्येच बनवली होती. तिला इंजिन फिरवायला लावलं ते चार्ल्स केटरिंगने. तो आधी गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होता आणि तिथे त्याने विजेवर चालणारा गल्ला केला होता. मोटर दिवसभर फिरवायची नसेल, क्षणभरच जोर लावायचा असेल, तर ती लहान असूनही भागतं, हे त्याला तिथेच उमगलं होतं. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये सेल्फ-स्टार्टर आला आणि गाडीला पहिल्यांदा असा साठा मिळाला, जो रिकामा झाला तर गाडी अडते.

साठा आला तशी गळतीही आली. तेव्हाचा पट्टीचा गुन्हेगार होता 'कट-आउट'. इंजिन थांबलं की डायनॅमोचं व्होल्टेज पडतं. त्या वेळी बॅटरी आणि डायनॅमो यांना तोडणारा हा रिले. त्याचे पॉइंट चिकटले की बॅटरीतली वीज रात्रभर उलटी डायनॅमोत वाहायची. आपल्याकडच्या जुन्या अँबॅसिडर-फियाटमध्येही डायनॅमोच असायचे. पुढे अल्टरनेटर आला (१९६० ची व्हॅलियंट ही त्यातली एक सुरुवातीची गाडी), कट-आउटचं काम डायोडकडे गेलं. आता पॉइंट चिकटण्याऐवजी डायोड फुटतो. चोर तोच, कपडे नवे.

त्या काळची तपासणी मला फार आवडते, कारण तिला लागतो एक बल्ब. निगेटिव्हची केबल काढायची आणि टर्मिनल व केबल यांच्यामध्ये बल्ब जोडायचा. पेटला तर कुठेतरी गळती आहे. मग एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला बल्ब विझला, त्या वायरीवर चोर. डिकीचा न विझणारा दिवा असाच सापडायचा. यामागे एक गृहीतक होतं: बंद गाडीत प्रवाह जवळपास शून्यच असणार.

ते मोडलं इलेक्ट्रॉनिक्सने. प्रत्येक बटणाला वेगळी वायर टाकता टाकता गाडीत तांब्याचं जंगल झालं, तेव्हा बॉशने १९८६ मध्ये डेट्रॉइटला 'कॅन' ही पद्धत मांडली: सगळे कंट्रोलर एकाच वायरजोडीवर गप्पा मारतील. १९९१ च्या मर्सिडीज एस-क्लासमध्ये ती आली. पण रिमोटची वाट पाहणारा कोणीतरी जागा लागतोच. म्हणून गाडीला झोपायला शिकवलं गेलं, आणि हे काम सॉफ्टवेअरचं. अनेक गाड्यांत नियम असा, की बसवर एकजण बोलत राहिला तर बाकीचेही जागे राहतात. फोनमध्ये एखादं ॲप स्क्रीन बंद असतानाही प्रोसेसरला झोपू देत नाही, तसंच हे. यात एकही वायर तुटलेली नसते.

म्हणूनच बल्बवाली रीत इथे खोटं बोलते. केबल काढून जोडली की सगळे कंट्रोलर दचकून उठतात. मीटरवर अँपिअरमध्ये आकडे दिसतात आणि माणूस घाबरतो. झोपायला काही गाड्यांना अर्धा-पाऊण तास लागतो. मधेच फ्यूज उपटला तर पुन्हा सगळी जागी. त्यामुळे आता क्लॅम्प मीटर लावायचा, दाराचं लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद करून गाडीला 'दार लागलंय' असं भासवायचं, चावी लांब ठेवायची आणि चहा घ्यायला जायचं. परत आल्यावर फ्यूज न काढता, त्याच्या दोन टोकांवरचे मिलिव्होल्ट मोजायचे.

साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंत चालतं, असं मानतात. हिशेब करा: दिवसाला १.२ अँपिअर-तास. ४५ च्या बॅटरीतले निम्मे गेले की स्टार्टर कुरकुरू लागतो, म्हणजे धडधाकट गाडीलाही तीनेक आठवडेच. एक कंट्रोलर जागा राहून अर्धा अँपिअर ओढू लागला, तर दोन दिवस.

२५ मार्च २०२० पासून देशभर गाड्या उभ्या राहिल्या, तेव्हा हा हिशेब पार्किंगमध्ये बघायला मिळाला. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी वर्षात दोन बॅटऱ्या बदलल्या. दोन्ही वेळा कोणी मीटर लावला नाही. तिसऱ्यांदा लावला, तर बाहेरून बसवलेला डॅशकॅम निघाला, कायम चालू असणाऱ्या फ्यूजवर जोडलेला. वायर फक्त दुसऱ्या फ्यूजवर न्यायची होती. रिकामी पडून राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे जमतात आणि मग ती खरंच मरते. चुकीचं निदान असं स्वतःला खरं करून घेतं.

आता काका गावाला जाताना १० नंबरच्या पान्याने निगेटिव्ह सैल करून जातात. परतल्यावर घड्याळ १२:०० दाखवतं आणि खिडकीच्या काचेला वर-खाली जायचं पुन्हा शिकवावं लागतं.