गळकं छप्पर आणि पोटगी

माझी एक मावसबहीण जळगावला राहते. घटस्फोटाचा दावा चालू आहे. रो-हाऊस दोघांच्या नावावर आहे. तिथे राहतात ती आणि मुलगा. नवरा धुळ्याला असतो. गेल्या पावसाळ्यात स्लॅब गळायला लागला. गवंड्याने सगळं मिळून बेचाळीस हजार सांगितले. तिने निम्मे मागितले. तिकडून निरोप आला, "जो राहतो त्याने करावं." मावशी म्हणाली, "त्याच्यापुढे हात पसरू नको." आणि मामा म्हणाले, "पोटगी मिळते ना, त्यातूनच कर की!"

मामांचं वाक्य माझ्या डोक्यात बसलं. वाईट हेतूने बोलले नव्हते ते, दहातले आठ जण हेच म्हणतील. पण छपराचा खर्च पोटगीत येतो हे कधी ठरलं, कोणी ठरवलं? जरा मागे जाऊन बघावंसं वाटलं.

पोटगी हा शब्दच पोटावरून आलेला. जोडीला जुना शब्द 'अन्नवस्त्र'. टाकलेल्या बायकोला, विधवेला काय द्यायचं, तर खायला आणि नेसायला. डोक्यावर छप्पर हे त्या शब्दांत नाही, कारण ती घराच्या एका कोपऱ्यात राहील नाहीतर माहेरी जाईल, हे गृहीत धरलेलं. घर तिचं नाही, तर घराची दुरुस्ती तिच्या हिशोबात येण्याचा प्रश्नच नव्हता.

आता याच्या शेजारी भावाभावांची वाटणी ठेवून बघा. आपल्याकडची जुनी घरं धाब्याची. (खानदेशाबाहेरच्या मंडळींसाठी: इथे धाबं म्हणजे हायवेवरचं हॉटेल नव्हे, मातीचं सपाट छत.) सागाच्या खांबांवर लाकडं, त्यावर काटक्या, त्यावर माती आणि सगळ्यात वर खारी मातीचा थर. दर वर्षी मृगाच्या आधी धाब्यावरचं गवत काढायचं आणि नवी खारी टाकायची. नाही टाकली की घर गळलंच. आता एकाच वाड्यात दोन भाऊ वेगळे झाले, थोरल्याने खारी टाकली आणि धाकट्याने नाही, तर पाणी काही वाटणीची रेघ बघून थांबत नाही. म्हणून जुन्या वाटणीपत्रांत या गोष्टी लिहून ठेवायची पद्धत होती. सामाईक भिंत, सामाईक जिना, पन्हळीचं पाणी कुठे सोडायचं, विहीर, बोळ, आणि त्यांचा खर्च कोणी कसा सोसायचा. भाऊ एकमेकांचं तोंड बघत नसले तरी भिंतीचा खर्च निम्मा-निम्मा. त्यात कोणाला हात पसरल्यासारखं वाटत नसे, कारण दोघंही हिस्सेदार.

फारकत हा शब्दही मुळात हिशोबाचाच. देणंघेणं मिटलं, आता एकमेकांवर दावा नाही, अशी लिहून दिलेली पावती म्हणजे फारकत. भाऊ आपला हिस्सा घेऊन वेगळा झाला की फारकत लिहून देई. नवराबायको वेगळे झाले तरी फारकतच. शब्द एकच, पण भाऊ हिस्सा घेऊन मोकळा होई आणि बायको हिस्सा न घेताच. सोडचिठ्ठी, काडीमोड हे शब्द तर फक्त नातं तुटल्याचं सांगतात, घराबद्दल त्यांत अक्षर नाही.

याचा अर्थ आपल्या धर्मशास्त्रात बायकोचा हिस्सा नव्हताच असं नाही. जुन्या कायदेपुस्तकांप्रमाणे खानदेशात मिताक्षरा आणि व्यवहारमयूख हे दोन्ही ग्रंथ सारख्या तोलाचे मानले जात. आपल्या भागात चालत आलेला नियम असा, की बाप आणि मुलगे यांच्यात वाटणी झाली तर बापाच्या बायकोलाही मुलाएवढा वाटा. मात्र तिला स्वतःहून वाटणी मागता येत नाही! पुरुषांनी वाटणी केली तर तिला वाटा, नाहीतर अन्नवस्त्र. नवऱ्याशी पटत नाही म्हणून घराचा हिस्सा मागायची सोय नाही.

इंग्रजी अमदानीच्या शेवटी आणि स्वातंत्र्यानंतर कायदे भराभर बदलले. १९४६ मध्ये हिंदू विवाहितेला काही कारणांसाठी वेगळं राहून पोटगी मागायचा हक्क मिळाला. १९४७ मध्ये मुंबई प्रांताने घटस्फोटाचा स्वतंत्र कायदा केला, तेव्हा पूर्व आणि पश्चिम खानदेश त्याच प्रांतात होते. मग १९५५ चा हिंदू विवाह कायदा. त्याच्या २४ व्या कलमाखाली दावा चालू असताना अंतरिम पोटगी मागता येते. २७ वं कलम लग्नाच्या सुमारास मिळालेल्या, दोघांच्या मालकीच्या वस्तूंबद्दल आहे, म्हणजे भांडीकुंडी, कपाट वगैरे. पुढे दोघांनी मिळून उभं केलेलं घर त्यात सरळ बसत नाही. १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याने निर्वाहाच्या व्याख्येत अन्नवस्त्राबरोबर निवासही घातला. शब्दात छप्पर आलं ते तेव्हा.

त्याच वर्षीच्या वारसा कायद्यातलं २३ वं कलम मला फार बोलकं वाटतं. वडिलांच्या राहत्या घरात मुलगे राहत असतील, तर ते वाटणी करेपर्यंत मुलीला वाटणी मागता येत नसे. तिला तिथे राहायचा हक्क होता, पण कोणत्या मुलीला? अविवाहित, विधवा, नवऱ्याने टाकलेली किंवा त्याच्यापासून वेगळी झालेली. संसार मोडला तर माहेरी एक खोली, पण खोलीची मालकी मागायची नाही. हे कलम २००५ पर्यंत होतं.

मधल्या काळात महाराष्ट्रात बरंच काही घडलं. १९८८ मध्ये संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली आणि टाकलेल्या बायकांचा प्रश्न चारचौघांत आला. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, त्यात शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावावर जमीन केली. १९९४ मध्ये राज्याने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांसारखा जन्मतः हिस्सा दिला. २००३ मध्ये गावातल्या घरांची नोंद नवराबायको दोघांच्या नावे करायचं परिपत्रक निघालं. 'घर दोघांचे' ही पाटी पुष्कळांनी पाहिली असेल. पण ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा घरपट्टीसाठीचा उतारा, मालकीचा पक्का पुरावा नव्हे. तरीही बायकोचं नाव कुठल्यातरी सरकारी कागदावर घराशेजारी आलं, हे काही थोडं नाही.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने सामाईक घरात राहायचा हक्क दिला, घर कोणाच्याही नावावर असो. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याचा अर्थ आखडता घेतला आणि सासूच्या मालकीचं घर त्यातून वगळलं. ऑक्टोबर २०२० मध्ये सतीश चंदर आहुजा खटल्यात कोर्टाने तो अर्थ चुकीचा ठरवला. म्हणजे राहायचा हक्क आता बराच भक्कम आहे. पण राहायचा हक्क आणि हिस्सा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राहणाऱ्याला छप्पर गळलं तर बादली ठेवता येते, हिस्सेदाराला निम्मा खर्च मागता येतो.

आणि इथेच मामांचं वाक्य चुकतं. पोटगी ही महिन्याच्या खर्चाची. स्लॅबची दुरुस्ती ही मालमत्तेची. उद्या घर विकलं तर कोरड्या घराची किंमत दोघांना मिळणार. घर दोघांच्या नावावर असेल, तर सहमालकाने केलेला आवश्यक खर्च वाटणीच्या वेळी हिशोबात धरायचा, हे तत्त्व कोर्टांना जुनंच ठाऊक आहे, भावाभावांच्या दाव्यांतून आलेलं. फक्त त्यासाठी कागद लागतो. बहिणीच्या वकीलबाईंनी तेच सांगितलं: कामाच्या आधी अंदाजपत्रक पाठवून लेखी कळव, फोटो काढून ठेव, पैसे रोख न देता बँकेतून दे, पावती घे. नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून पोटगीच्या प्रकरणांत दोघांनाही मिळकत, देणी आणि खर्च ठरावीक नमुन्यात प्रतिज्ञापत्रावर द्यावे लागतात. तोंडी हिशोब तिथे चालत नाही.

गंमत म्हणजे आपल्या मराठी मुलखाला लागूनच गोव्यात हा प्रश्न फारसा अवघड नाही. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून तिथे, वेगळा करार केला नसेल तर, लग्नाबरोबर नवराबायकोची मालमत्ता एकत्र येते आणि दोघांचा निम्मा हिस्सा असतो. २०१२ च्या गोव्याच्या वारसा कायद्याने ती चौकट पुढे चालू ठेवली. आपल्याकडे नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत बायकोला वाटा द्यायची तरतूद असलेलं विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं, पण २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळलं.

एक गोष्ट मात्र कुठल्याच कागदात येत नाही. धाब्यावर खारी टाकायला गडी लावत, त्याची मजुरी वहीत लिहीत. पण भिंती लिंपणं, जमीन सारवणं, पावसाळ्याआधी मोरीची बाजू नीट करणं हे सगळं बायका करत. तीही दुरुस्तीच. वर्षानुवर्षं मातीच्या भिंती त्या हातांनी उभ्या ठेवल्या आणि त्याची नोंद शून्य. जून २०२३ मध्ये मद्रास हायकोर्टाने एका प्रकरणात म्हटलं, की बायकोने सांभाळलेलं घरकाम हाही मालमत्ता घेण्यातला वाटाच आहे, आणि तिचा निम्मा हक्क मान्य केला. तो एका हायकोर्टाचा निकाल आहे, देशाचा कायदा नव्हे. पण कोणीतरी हिशोब मांडायला सुरुवात केली.

मला वाटतं, निम्मा खर्च मागणं म्हणजे हात पसरणं नाही. निम्मा खर्च देणं आणि निम्मा मागणं, दोन्हीचा अर्थ एकच: घर दोघांचं आहे. आणि "राहू दे, तू पैसे देऊ नकोस" असं कोणी मोठेपणाने म्हटलं, तर तेही जरा जपूनच ऐकावं. खर्चातून नाव गेलं की हिश्श्यातून जायला वेळ लागत नाही.

असो. बरंच लांबलं. नातेवाईक मंडळींना एक विनंती. आजोबा-पणजोबांच्या पेटीत जुनं वाटणीपत्र असेल तर जरूर काढून बघा. धाबं, भिंत, मोरी, विहीर यांच्या खर्चाबद्दल काय लिहिलंय? आणि त्यात एखाद्या बाईचं नाव आहे का? सापडलं तर मला नक्की कळवा.