वरदानांचा जमाखर्च

हिरण्यकशिपूने ब्रह्मदेवापाशी मागितलेले वरदान वाचताना एखाद्या मुरलेल्या वकिलाने लिहिलेले करारपत्र वाचतो आहोत असे वाटते. माणसाकडून मरण नको, पशूकडून नको. घरात नको, घराबाहेर नको. दिवसा नको, रात्री नको. जमिनीवर नको, आकाशात नको. शस्त्राने तर नकोच नको. एवढी कलमे घालून गृहस्थ निर्धास्त झाला. पण करार लिहून घेणारा एक आणि त्याचा अर्थ लावणारा दुसरा, हे तो विसरला. नरसिंहाने संध्याकाळची वेळ साधली, उंबरठा गाठला, दैत्याला मांडीवर घेतले आणि नखांनी काम भागविले. एकही कलम मोडले नाही!

आपल्या पुराणांतली बहुतेक वरदाने अशीच आहेत. सामर्थ्य मिळते, पण त्याच्या पोटात एक फट ठेवलेली असते आणि कथा त्या फटीतून आत शिरते. देवांना हे जमले, कारण वरदान मागणारा एका वेळी एकच असे. चार मित्र एका टेबलाभोवती बसून एकाच वेळी चार वरदाने मागू लागले, तर ती वाटायची कशी? हा प्रश्न पुराणात आला नाही. तो अमेरिकेत आला, आणि १९८१ साली कॅलिफोर्नियातल्या जॉर्ज मॅकडोनाल्ड आणि स्टीव्ह पीटरसन या दोघांनी त्याचे उत्तर म्हणून चक्क वरदानांचे दरपत्रक छापले. त्या पुस्तकाचे नाव 'चॅम्पियन्स'. त्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

पण आधी हा खेळ कोणता ते सांगितले पाहिजे. १९७४ साली विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या लहानशा गावातून 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा एक खेळ बाहेर पडला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन हे त्याचे कर्ते. ह्या खेळाला पट लागतोच असे नाही. लागतात कागद, पेन्सिली, फासे आणि गप्पिष्ट माणसे. एक जण सूत्रधार होतो. तो म्हणतो, "तुम्ही एका अंधाऱ्या गुहेच्या तोंडाशी उभे आहात. आतून घोरण्याचा आवाज येतो आहे. काय करता?" बाकीचे प्रत्येकी एकेका पात्राची भूमिका घेऊन उत्तर देतात, आणि जिथे यश की अपयश हे ठरवायचे असते तिथे फासे पडतात. आजीने सांगितलेल्या गोष्टीत मध्येच नातवाला बोलू द्यावे, आणि त्याचे म्हणणे खरे ठरले की नाही ते फाशांवर सोडावे, असा तो प्रकार. प्रत्येक पात्राचे बळ, बुद्धी, चपळाई आकड्यांनी कागदावर मांडलेली असते.

राजपुत्र, जादूगार आणि राक्षस या मुलखात हे ठीक चालले. सगळे हौशी गडी पहिल्या पायरीवरून चढत. पण त्या मुलांची खरी दैवते वेगळी होती. त्यांच्या उशाखाली चित्रकथांची मासिके असत आणि त्या मासिकांत सुपरमॅन उडत असे.

या सुपरमॅनच्या जन्माची एक गोष्ट दरपत्रकाकडे वळण्यापूर्वी सांगतो, कारण तीही किमतीचीच आहे. क्लीव्हलंड शहरातल्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी तो कल्पिला आणि १९३८ साली तो 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात अवतरला. त्याचे सर्व हक्क त्यांनी १३० डॉलरना विकले होते. दोघांत १३० डॉलर! पुढे त्या एका पात्रावर केवढा व्यवसाय उभा राहिला आणि या दोघांचे दिवस कसे ओढगस्तीत गेले, ही अमेरिकन प्रकाशनाच्या इतिहासातली एक दुखरी जागा आहे. अखेर १९७५ साली लोकांत बरीच ओरड झाल्यावर मालक कंपनीने दोघांना प्रत्येकी वर्षाला २०,००० डॉलरचे वेतन बांधून दिले आणि कथेवर त्यांचे नाव घालण्याचे कबूल केले. आकाशात उडणाऱ्या माणसाचे मोल ठरविणे किती अवघड, ते यावरून दिसेल.

तर मुलांना सुपरमॅन व्हायचे होते. पण टेबलाशी एक जण सुपरमॅन झाला आणि दुसऱ्याच्या वाट्याला नुसता धनुष्यबाण आला, तर त्या दुसऱ्याने रविवारची दुपार काय करीत घालवावी? पहिला एका हाताने आगगाडी उचलतो आहे, आणि हा बिचारा प्रत्यंचा ओढतो आहे! खेळातला अन्याय फार झोंबतो. विटीदांडूत ज्याला दिवसभर नुसते धावावे लागले आहे, त्याला विचारा.

१९७७ साली डोनाल्ड सॅक्समन यांच्या 'सुपरहिरो २०४४' या पुस्तकाने पहिला प्रयत्न केला. बळ, चिवटपणा, बुद्धी अशा गोष्टींवर खेळाडूने ठराविक गुण वाटून घ्यावेत, अशी त्यात सोय होती; पण खुद्द दैवी शक्तींचा हिशेब त्यात धडपणे बसविलेला नव्हता. १९७९ साली जेफ डी आणि जॅक हर्मन या दोन पोरसवदा लेखकांनी 'व्हिलन्स अँड व्हिजिलंटीज' काढले. त्यांची कल्पना मोठी गोड होती. खेळाडूने स्वतःचीच भूमिका घ्यायची, म्हणजे तुम्ही स्वतः, तुमच्या अंगी असेल तेवढ्याच ताकदीचे आणि अकलेचे. आणि मग फासे टाकून शक्ती मिळवायच्या. कुणाला उडता येई, कुणाच्या बोटांतून वीज निघे, सोबत एखादे व्यंगही येई. थेट दैवाचे देणे! त्यात गंमत होती, न्याय नव्हता. फासा रुसला की रुसला. शिवाय जो वीर मनात घेऊन मूल घरून निघाले, तो त्याला मिळेलच असे नाही.

मॅकडोनाल्ड आणि पीटरसन यांनी दैवाला बाजूला सारले. त्यांनी म्हटले, प्रत्येकाला सारखी रक्कम द्या आणि त्याला बाजारात सोडा. पुढे १९८९ च्या चौथ्या आवृत्तीत ही रक्कम नीट ठरून गेली. शंभर गुण मूळ भांडवल. आणखी दीडशेपर्यंत गुण हवे असतील, तर अंगावर उणिवा घ्यायच्या. एकूण अडीचशे गुणांत आपला वीर घडवायचा.

आणि इथे त्यांना खरी युक्ती सुचली. भाव ठरवायचा तो शक्तीच्या रूपाचा नाही, परिणामाचा. एकाच्या हातातून आग निघते, दुसऱ्याच्या डोळ्यांतून किरण, तिसरा टाळी वाजवून आवाजानेच समोरच्याला लोळवतो. दुकानदाराच्या दृष्टीने हा सगळा एकच माल: दूरवर मारा. एका फाशाच्या माऱ्याला पाच गुण. दहा फाशांचा मारा हवा, पन्नास गुण मोजा. मग त्याला आग म्हणा, वीज म्हणा, नाहीतर तुळशीच्या मंजिऱ्या म्हणा. वर्णन फुकट! लेखक म्हणून मला हा नियम फार आवडतो. जगातल्या सगळ्या कल्पनाशक्तीवरचा कर त्यांनी एका ओळीत माफ करून टाकला.

दिवाळी आहे म्हणून आपण एक वीर घडवू. त्याच्या हाती एक कंदील आहे, आणि त्या कंदिलातून प्रकाशाचा लोळ निघतो. दहा फासे, पन्नास गुण. पण कंदील हातातून हिसकावता येतो. हिसकावला की आमचा वीर तुमच्या-माझ्यासारखा. अशा उघड्या, हिरावण्याजोग्या साधनाला नियमात उणे एक अशी मर्यादा धरतात. मूळ किंमत भागिले एक अधिक मर्यादा, म्हणजे पन्नास भागिले दोन: पंचवीस गुण. निम्म्या भावात माल मिळाला! उरलेल्या पंचविसांत त्याला पाय उचलून पळण्याचे थोडे सामर्थ्य घेऊन ठेवावे, कंदील गेल्यावर उपयोगी पडेल. कर्णाची कवचकुंडले अंगाबरोबर जन्मलेली, त्यामुळे त्याला ही सवलत मिळाली नसती. त्याने ती स्वतःच्या हाताने उतरवून दिली, पण दानशूरपणा हा या बाजारात उणिवांच्या खात्यात जमा होतो.

उणिवांचे हे खाते सगळ्यात रसाळ आहे. पाठीवर शत्रू लागला आहे, खरे नाव लपवून राहावे लागते, अमुक धातूने घेरी येते, कुणाला ठार मारणार नाही असे व्रत आहे: प्रत्येकाचे गुण मिळतात. घरी एखादे अवलंबून असलेले माणूस असले तर त्याचेही मिळतात. १९६२ साली जन्मलेल्या स्पायडर-मॅनची म्हातारी काकू ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे चटकन कळेल. आमच्या कंदीलवाल्याला आपण एक म्हातारी आत्या देऊ. ती संकटात सापडते की नाही, हे प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला तीन फासे टाकून बघायचे. अकरा किंवा कमी पडले की आत्याबाई अडकल्या. तीन फासे २१६ तऱ्हांनी पडतात आणि त्यांतल्या १३५ तऱ्हांत बेरीज अकराच्या आत राहते. म्हणजे आठ बैठकींत सरासरीने पाच वेळा आत्याबाईंना सोडवून आणणे आले. एवढे सोसणार असाल तर गुण घ्या. कादंबरीकार ज्याला नायकाचे दुःख म्हणतो, ते इथे रोख भावाने विकत मिळते.

जिथे बाजार आला तिथे चलाखही आले. वाळवंटात राहणाऱ्या पात्राने 'समुद्राच्या पाण्याने शक्ती जाते' अशी उणीव लिहावी आणि गुण खिशात घालावेत! म्हणून पुस्तकात स्पष्ट लिहून ठेवावे लागले की जी मर्यादा आडवी येत नाही, तिचे गुण नाहीत. आडवी येते की नाही हे ठरविणार सूत्रधार. म्हणजे एवढे कोष्टक करूनही शेवटी नरसिंहाला उंबरठ्यावर बसवावेच लागले.

दुकानदारही चुकत होता. नुसते बळ घ्या. एका गुणाला बळाचा एक अंक, आणि दर पाच अंकांनी उचलण्याचे वजन दुप्पट. सामान्य माणूस दहा अंकांचा, तो शंभर किलो उचलतो. साठ अंकांचा वीर दहा वेळा दुप्पट, म्हणजे शंभर टनांच्या वर उचलतो. बुद्धिबळाच्या पटावरच्या धान्याची गोष्ट ज्यांनी ऐकली आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही. पण गंमत पुढेच आहे. बळ वाढले की त्याबरोबर अंगाचा टणकपणा, दम भरून येण्याची क्षमता आणि मार सोसण्याची ताकद ही आपोआप वाढत. पन्नास गुणांचे बळ घेतले तर ह्या तीन गोष्टी मिळून पंचावन्न गुणांच्या फुकट पदरात पडत. पन्नास रुपयांच्या लुगड्यावर पंचावन्न रुपयांचे खण फुकट! सारे वीर पैलवान होऊ लागले तर नवल काय? ही गळती बुजवायला २००९ ची सहावी आवृत्ती उजाडावी लागली. त्यात हे आपोआप मिळणारे लाभ तोडून टाकून प्रत्येकाची किंमत वेगळी लावली.

मारामारीचा हिशेब मात्र त्यांनी पहिल्यापासून फार सुरेख ठेवला होता. साध्या ठोशाचे फासे एकदाच टाकायचे, पण दोनदा मोजायचे. ठिपक्यांची बेरीज म्हणजे घेरी. आणि एक पडला तर शून्य, दोन ते पाचला एक, सहाला दोन, अशी दुसरी बेरीज म्हणजे खरी इजा. दहा फाशांत सरासरी पस्तीस घेरी आणि दहा इजा. म्हणून या खेळात वीर भिंतीतून आरपार जातो, बेशुद्ध पडतो, आणि पुढल्या प्रसंगी कपडे झटकीत उठतो. चित्रकथेत नेमके हेच घडते.

मग मोठ्या कंपन्याही या बाजारात उतरल्या. १९८४ साली जेफ ग्रब यांनी रचलेला 'मार्व्हल सुपर हीरोज' आला. त्याने आकड्यांना शब्द दिले: दुबळा, सामान्य, उत्तम, अचाट, अलौकिक अशा पायऱ्या, आणि एक रंगीत कोष्टक. लहान मुलालाही ते चटकन कळे. त्यात 'कर्म' नावाची एक पुंजी होती. होय, आपलाच शब्द! सत्कृत्ये करून ती साठवायची आणि अडचणीत फाशांचे दान सुधारायला खर्चायची. पण वीराने कुणाचा जीव घेतला की सारी पुंजी शून्य. पुढल्या वर्षी ग्रेग गॉर्डन यांचा 'डीसी हीरोज' आला. त्यात वजन, अंतर, वेळ सगळे एकाच मापात, आणि दर अंकाला दुप्पट. त्यामुळे गुणाकाराची कामे बेरजेवर भागत. मॅट्रिकला लॉगची कोष्टके पाहिलेल्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल. तिथे सामान्य माणसाचे बळ दोन आणि सुपरमॅनचे पन्नास होते. चित्रकथेच्या मालकांनी १९८६ साली सुपरमॅनला नव्याने मांडून त्याचे सामर्थ्य आवरते घेतले, आणि १९८९ च्या आवृत्तीत ते पंचवीसवर आले. पन्नासाचे पंचवीस म्हणजे निम्मे, असे समजू नका. पंचवीस वेळा निम्मे. म्हणजे तीन कोटी पस्तीस लाखांव्या हिश्श्याइतके!

एवढ्या हिशेबातून साहित्य उपजते का, असे कुणी विचारील. न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्क शहरात काही कथालेखकांचा एक कंपू होता. जॉर्ज आर. आर. मार्टिन त्यातलेच. १९८३ च्या सप्टेंबरात त्यांना वाढदिवसाला व्हिक्टर मिलान या लेखकमित्राने स्टीव्ह पेरिन यांचा 'सुपरवर्ल्ड' हा याच जातीचा खेळ भेट दिला. मार्टिन सूत्रधार झाले आणि सगळ्यांचे लिहिणे बंद पडले. रात्ररात्र खेळ चाले. पोटापाण्याची काळजी वाटू लागली तेव्हा त्यांनी ठरविले की याच पात्रांच्या गोष्टी लिहाव्यात. १९८७ साली त्यातून 'वाइल्ड कार्ड्स' ही मालिका सुरू झाली.

तिच्यात मार्टिन यांनी लिहिलेला एक वीर आहे, टॉम टडबरी. मनाच्या जोरावर तो अवजड वस्तू उचलू शकतो. पण ते सामर्थ्य पुरतेपणी चालते ते तो जुन्या फोक्सवॅगन मोटारीच्या पोलादाने मढविलेल्या सांगाड्यात बसलेला असेल तेव्हाच. लोक त्याला कासव म्हणतात. नियमाच्या पुस्तकात याचा अर्थ एवढाच, की शक्तीच्या किमतीत सवलत. गोष्टीत त्याचा अर्थ असा, की टॉम भित्रा आहे. लहानपणापासून मार खाल्लेला आहे. पत्र्याआड बसून दार आतून लावल्याशिवाय त्याला धीर येत नाही, आणि दार लावले की तो सगळ्या शहरावरून तरंगत जातो.