आकाशाचा हक्क आणि आसनांची वाटणी : भारताच्या आंतरराष्ट्रीय विमानमार्ग-हक्कांचा इतिहास

प्रस्तावना

पनवेल तालुक्यातील नेरे हे गाव कुष्ठरोग निवारण समितीच्या शांतिवनामुळे महाराष्ट्राला परिचित आहे. जानेवारी २०१३ मध्ये राज्य शासनाने नियोजित नवी मुंबई विमानतळाभोवतीचा विस्तृत प्रदेश 'नैना' या नावाने अधिसूचित केला, सिडकोकडे त्याचे नियोजन सोपवले आणि नेरे परिसरातील शेतजमिनीचे भवितव्य विमानतळाशी जोडले गेले. त्याच वर्षी २४ एप्रिल रोजी भारत सरकारने अबू धाबीशी एक सामंजस्य करार केला. त्यानुसार दोन्ही बाजूंच्या विमान कंपन्यांना आठवड्याला मिळणाऱ्या आसनांची मर्यादा १३,३३० वरून तीन वर्षांत ५०,००० पर्यंत जाणार होती. पहिल्या निर्णयावर पनवेल तालुक्यात सभा झाल्या, मोर्चे निघाले, हरकती नोंदवल्या गेल्या. दुसऱ्याची तालुक्यात फारशी चर्चा झाली नाही. वास्तविक विमानतळ जमिनीवर उभा राहत असला तरी तेथून परदेशी विमान कोठे जाणार, कोणाचे जाणार आणि आठवड्यातून किती वेळा जाणार, हे दुसऱ्या प्रकारच्या निर्णयांनीच ठरते. हे हक्क भारत सरकारने कोणत्या तत्त्वावर वाटले, ते तत्त्व केव्हा व का बदलले आणि कोडशेअर पद्धतीमुळे या हक्कांचे स्वरूपच कसे पालटले, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेण्याचा प्रयत्न केला आहे.

राष्ट्राचा हक्क, राष्ट्राची कंपनी

७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक कराराने प्रत्येक राष्ट्राचे आपल्या प्रदेशावरील आकाशावर पूर्ण व अनन्य सार्वभौमत्व मान्य केले. नियमित विमानसेवेसाठी संबंधित राष्ट्राची परवानगी आवश्यक ठरली आणि त्यामुळे दोन-दोन राष्ट्रांनी परस्पर करार करण्याची पद्धत रूढ झाली. अमेरिका व ब्रिटन यांनी १९४६ मध्ये बर्म्युडा येथे केलेल्या करारात मार्ग ठरवले गेले, परंतु त्यांवर किती विमाने न्यावयाची हे बव्हंशी कंपन्यांवर सोडले. ज्यांच्याकडे विमाने अधिक, त्यांना ही व्यवस्था सोयीची होती, हे उघड आहे.

नोव्हेंबर १९४६ मध्ये भारताने अमेरिकेशी केलेला करार याच वळणाचा होता. त्या वेळी भारताची स्वतःची दूर पल्ल्याची विमानसेवा अस्तित्वात नव्हती. ती ८ जून १९४८ रोजी सुरू झाली. त्या दिवशी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. या कंपनीत सरकारचे भाग ४९ टक्के होते. १९५३ च्या हवाई महामंडळ कायद्याने विमानवाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले आणि सरकार हक्काचे धनी व त्याच हक्काचे उपभोक्ते अशा दुहेरी भूमिकेत आले. अमेरिकी कंपन्या भारतामार्गे अन्य देशांची वाहतूक मोठ्या प्रमाणावर करीत असल्याची तक्रार वाढत गेली. अखेर भारताने १९५४ मध्ये अमेरिकेशी केलेला करार संपुष्टात आणण्याची नोटीस दिली. नवा करार फेब्रुवारी १९५६ मध्ये झाला. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाने जगातील सर्वांत बलाढ्य विमानवाहतूक राष्ट्राशी केलेला करार मोडावा, ही घटना आपल्याकडील इतिहासग्रंथांत जवळजवळ दुर्लक्षितच राहिली आहे. आसनक्षमता आधी ठरवून घ्यावयाची व समसमान वाटावयाची, हा भारतीय धोरणाचा पुढील चार दशकांचा पाया या काळात पक्का झाला.

या पद्धतीत कंपन्यांमधील स्पर्धेला फारसा वाव नव्हता. एका मार्गावर दोन राष्ट्रांच्या दोन कंपन्या असत आणि त्या अनेकदा उत्पन्न एकत्र करून ठरलेल्या प्रमाणात वाटून घेत. १९६० च्या सुमारास एअर इंडिया, ब्रिटनची बीओएसी आणि ऑस्ट्रेलियाची क्वांटास यांच्यात असा सहयोग होता. आजच्या कोडशेअरचा पूर्वज या उत्पन्न-वाटपात शोधता येतो. फरक असा की, त्या काळी वाटून घेणारी कंपनी सरकारचीच असल्यामुळे हक्काचे मोल कोणाच्या खिशात गेले, हा प्रश्न उपस्थित होत नव्हता.

आखाताचा मार्ग

या समतोलाला पहिला धक्का आखाताकडून बसला. तेलाच्या उत्पन्नावर उभ्या राहिलेल्या बांधकामांसाठी १९७० नंतर भारतीय मजूर, कारागीर व कारकून मोठ्या संख्येने तेथे गेले. केरळचा वाटा सर्वांत मोठा असला तरी रत्नागिरी व रायगड जिल्ह्यांतील, विशेषतः खाडीकाठच्या मुस्लिम वस्त्यांतील कुटुंबे कुवेत, बहरीन, दुबई येथे पिढ्यान्‌पिढ्या जात आली आहेत. मुंबईचा विमानतळ हाच त्यांचा दरवाजा होता. ऑक्टोबर १९८५ मध्ये दुबईच्या एमिरेट्स कंपनीने आपली सेवा सुरू केली, ती कराची, मुंबई व दिल्ली या शहरांकडे. ज्या देशाची स्थानिक लोकसंख्या अत्यल्प, त्याला समसमान वाटणीच्या तत्त्वाने भारताइतकीच आसने मिळाली. तेथून पुढे युरोप-अमेरिकेकडे जाणारा भारतीय प्रवासी आपल्या विमानतळावरून नेण्याची युक्ती त्याला साधली. तांत्रिक भाषेत यास सहावे स्वातंत्र्य म्हणतात.

१९९४ मध्ये हवाई महामंडळ कायदा रद्द झाला आणि खासगी कंपन्यांना देशांतर्गत मार्ग कायदेशीररीत्या खुले झाले. आंतरराष्ट्रीय मार्ग मात्र आणखी दहा वर्षे बंदच राहिले. जानेवारी २००४ मध्ये सार्क देशांकडे जाण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने पाच वर्षांचा अनुभव व वीस विमाने असलेल्या खासगी कंपन्यांना अन्य देशांचे मार्ग खुले केले. त्याला आखाताचा अपवाद होता. तो किफायतशीर प्रदेश तीन वर्षांसाठी सरकारी कंपन्यांकरिता राखून ठेवण्यात आला. २००८ च्या आरंभी जेट एअरवेजची विमाने आखाताकडे जाऊ लागली, तेव्हा हे राखीव कुंपणही उठले. याच काळात प्रफुल्ल पटेल यांच्या मंत्रिपदाच्या कारकिर्दीत अमेरिकेशी एप्रिल २००५ मध्ये खुल्या आकाशाचा करार झाला आणि अन्य अनेक देशांबरोबरच्या आसनमर्यादा वाढवण्यात आल्या. दुबईची मर्यादा आठवड्याला ५४,२०० आसनांपर्यंत पोहोचली.

सप्टेंबर २०११ मध्ये भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा नागरी उड्डाणाविषयीचा अहवाल संसदेत सादर झाला. आखाती देशांना दिलेल्या सवलतींमुळे एअर इंडियाच्या हितास बाधा आली आणि सहाव्या स्वातंत्र्याचा लाभ परकीय कंपन्यांनी उचलला, असा त्यातील टीकेचा मुख्य रोख होता. या टीकेत तथ्य आहे. परंतु आखाताकडे जाणाऱ्या प्रवाशाला अधिक विमाने व तुलनेने स्वस्त तिकिटे याच विस्ताराने मिळाली, हेही नोंदवले पाहिजे. कंपनीच्या ताळेबंदावरून मोजलेले राष्ट्रहित आणि कोकणातील चाकरमान्याच्या खिशावरून मोजलेले राष्ट्रहित यांत अंतर पडते, आणि लेखापरीक्षणाची नजर स्वाभाविकच पहिल्याकडे असते.

कोडशेअर आणि हक्काचे मोल

एका कंपनीने चालवलेल्या विमानातील आसने दुसऱ्या कंपनीने स्वतःच्या उड्डाणक्रमांकाने विकणे, म्हणजे कोडशेअर. अशा व्यवस्थेत आसनांची गणना सामान्यतः विमान चालवणाऱ्या कंपनीच्या कोट्यात होते. विकणाऱ्या कंपनीला स्वतःचे विमान न पाठवताही परक्या शहराचे नाव आपल्या वेळापत्रकात घालता येते. म्हणजेच मार्ग-हक्क हा केवळ उडण्याचा परवाना न राहता भागीदारीत मांडता येणारा ऐवज होतो. हे स्थित्यंतर भारतात जितक्या उघडपणे २०१३ मध्ये दिसले, तितके त्यापूर्वी कधी दिसले नव्हते.

परकीय विमान कंपन्यांना भारतीय विमान कंपन्यांत ४९ टक्क्यांपर्यंत भाग घेण्याची परवानगी सप्टेंबर २०१२ मध्ये मिळाली. मुंबईस्थित जेट एअरवेज तेव्हा कर्जाने गांजलेली होती. २४ एप्रिल २०१३ रोजी जेटने आपले २४ टक्के भाग अबू धाबीच्या एतिहाद कंपनीस सुमारे २,०५८ कोटी रुपयांना देण्याचे जाहीर केले. व्यापक कोडशेअर हा या सहकार्याचा गाभा होता. आरंभी उल्लेखिलेला आसनवाढीचा करार त्याच दिवशीचा आहे. ही वाढ ३६,६७० आसनांची होती. वरवर पाहता दोन स्वतंत्र व्यवहार, एक शासकीय व एक खासगी, एकाच तारखेला पूर्णत्वास गेले. पण वाढीव आसनांवाचून एतिहादला जेटच्या देशभरातील जाळ्याचा उपयोग कितीसा होता, आणि ते जाळे नसते तर इतकी आसने अबू धाबीने भरली असती का, हे प्रश्न तेव्हाही विचारले गेले. सुब्रमण्यम स्वामी यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. संसदेतही आक्षेप घेतले गेले.

हा वाद ज्या वातावरणात झाला ते ध्यानात घेतल्याशिवाय त्याची तीव्रता कळत नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दूरसंचार ध्वनिलहरींचे १२२ परवाने रद्द केले होते आणि कोळसा खाणींच्या वाटपाचे प्रकरण तापलेले होते. सार्वजनिक संपत्ती मोल न घेता वाटता येते काय, हा प्रश्न सर्वत्र चर्चिला जात असताना हवाई हक्क विनामूल्यच दिले जात होते. अर्थात ही तुलना एका मर्यादेपलीकडे नेणे योग्य नाही. कोळसा एकदा काढला की संपतो, तर हवाई हक्क परस्परसापेक्ष असतात. जेवढी आसने आपण देतो, तेवढीच आपल्यालाही मिळतात. मात्र ही समता कागदावरची आहे. आपल्या कंपन्यांकडे विमाने नसतील तर मिळालेला वाटा पडून राहतो व दिलेला वापरला जातो. लंडनच्या हीथ्रो विमानतळावरील जेटच्या तीन वेळा एतिहादने त्याच सुमारास सात कोटी डॉलरला विकत घेतल्या, यावरून उतरण्याच्या वेळेलाही बाजारभाव असतो हे दिसते. मग मार्ग-हक्काला भाव नाही, असे म्हणणे कठीण आहे. माझ्या मते आक्षेपार्ह गोष्ट आसनवाढ ही नव्हती. हक्काची वाटणी आणि एका कंपनीची भांडवल-उभारणी यांच्यातील सीमारेषा शासनाने पुसट होऊ दिली, हा खरा दोष होय.

पुढील घटनाक्रम थोडक्यात सांगता येतो. २०१४ मध्ये दुबईची मर्यादा सुमारे ६६,००० आसनांवर गेली. २०१६ च्या नागरी उड्डाण धोरणाने पाच वर्षांच्या अनुभवाची अट काढून टाकली, पाच हजार किलोमीटरपलीकडील देशांशी परस्पर खुल्या आकाशाचे तत्त्व स्वीकारले आणि कोडशेअरसाठी पूर्वमंजुरीऐवजी मंत्रालयास तीस दिवस आधी कळवणे पुरेसे ठरवले. १७ एप्रिल २०१९ रोजी जेटचे उड्डाण थांबले. कंपनीकडील भारताच्या वाट्याचे हक्क इतर भारतीय कंपन्यांत वाटले गेले. अबू धाबीच्या वाट्याची आसने करारात होती तशीच राहिली. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली. हक्काचे धनी व उपभोक्ते ही १९५३ मध्ये एकत्र आलेली भूमिका त्या दिवशी पुन्हा दुभंगली.

पनवेलची धावपट्टी

नवी मुंबई विमानतळाचे उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी वाहतूक सुरू झाली. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची आहे. दहा गावांच्या विस्थापनावर उभ्या राहिलेल्या या धावपट्टीमुळे मुंबईतील उड्डाणवेळांची टंचाई सुसह्य होईल. आखाती करारांतील आसनांची संख्या मात्र धावपट्टीने वाढत नाही. दुबईच्या बाबतीत २०१४ ची मर्यादा त्यानंतर दशकभर तशीच राहिली. दुबईची बाजू वाढ मागत आली आणि भारत सरकार देशी कंपन्यांना दूर पल्ल्याची विमाने मिळेपर्यंत थांबण्याच्या बाजूने राहिले. म्हणजे १९५४ चा युक्तिवाद नव्या परिस्थितीत परत आला आहे, फक्त आता ज्यांचे रक्षण करावयाचे त्या कंपन्या सरकारच्या नाहीत.

कुवेतचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. कोकणातील असंख्य कुटुंबांशी संबंध असलेल्या या मार्गाची मर्यादा २००७ पासून आठवड्याला १२,००० आसनांवर थांबली होती. जुलै २०२५ मध्ये ती १८,००० करण्यात आली. अठरा वर्षे सणासुदीला व शाळांच्या सुट्ट्यांत चढ्या दराने तिकीट काढणाऱ्या प्रवाशांचे म्हणणे मांडण्यासाठी या वाटाघाटींत कोणतीही जागा नसते. तेथे मंत्रालये असतात, आणि त्यांच्यामागे कंपन्या. नव्याने मिळालेल्या सहा हजारांपैकी भारतीय कंपन्यांनी किती आसने केरळकडे, किती दिल्लीकडे व किती पनवेलच्या धावपट्टीकडे वळवायची, हे त्या कंपन्यांच्या वेळापत्रकांत ठरते.